कापलेला भाग

पडद्यावर लाल अक्षरं आली. ‘चित्रात व्यक्ती दिसत आहे. चित्र जतन झाले नाही.’ मी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला. अक्षरं तीच होती. फोटो लिफ्टच्या केबिनचा होता, रिकाम्या केबिनचा. निदान मी तो तसा काढला होता. आत शिरलो, पाठ दाराला लावली, फोन छातीशी धरला आणि बटण दाबलं. आत मी सोडून कुणी नव्हतं, मग व्यक्ती आली कुठून, म्हणून फोटो मोठा करून पाहिला, तर समोरच्या आरशात मी उभा. हातात फोन, ओठ आवळलेले, शर्टाची कॉलर एका बाजूने आत गेलेली. ती तशी कॉलर घेऊन मी सकाळभर इमारती फिरलो होतो आणि कुणी मला सांगितलं नव्हतं. सांगणारी गेली, हे मला रोजच कळत होतं, पण त्या दुपारी ते कॉलरीवरून कळलं. मी हात वर नेऊन कॉलर बाहेर काढली, जसं काही त्याने फोटोतली कॉलर सरळ होणार होती, आणि तसाच टेबलाशी बसून राहिलो. टेबल जेवायचं, खुर्ची तिची, कंप्युटर तिचा. खुर्चीची उशी तिच्या बसण्याने एका बाजूला दबलेली आहे. मी बसलो की मीही त्या बाजूला कलतो.

लिफ्टची दुरुस्ती आणि देखभाल हे माझं काम. दर महिन्याला ठरलेल्या इमारतींतल्या लिफ्ट तपासायच्या, तेल घालायचं, ब्रेक बघायचा, रोप म्हणजे केबिन ओढणारा तारांचा दोर बघायचा, दारं कुठे अडकतात ते बघायचं. पूर्वी तपासणी झाली की सही करून मोकळं व्हायचं. मग कंपनीने वेबसाइट काढली. प्रत्येक लिफ्टचे फोटो काढायचे, त्या साइटवरून सर्व्हरला पाठवायचे, ते तिथे जतन झाले की तपासणी झाली असं धरायचं. मशीनचा फोटो, रोपचा फोटो, लिफ्टखालच्या खड्ड्याचा फोटो आणि केबिनचा आतून फोटो. मी हे पहिल्या दिवशी घरी येऊन बायकोला सांगितलं आणि म्हटलं, आता या वयात हे एक. ती म्हणाली, ‘द्या इकडे तो फोन, आणि आधी हात धुऊन या, तेलाचे डाग पडतील.’ त्या दिवसापासून ते काम तिचं झालं. मी संध्याकाळी घरी यायचो, फोन तिच्या चहाच्या कपाशेजारी ठेवायचो आणि आंघोळीला जायचो. साइटवर लिफ्टला उद्वाहन म्हटलेलं आहे. त्या शब्दाची तिला फार गंमत वाटायची. ‘काय हो, आज किती उद्वाहनं झाली?’ असं ती मला दारातच विचारायची. मी आंघोळ करून आलो की तिचं काम चाललेलं असायचं. चष्मा नाकावर खाली, तोंड किंचित उघडं, बोट माउसवर. मला वाटायचं, फोटो निवडायचा आणि बटण दाबायचं, एवढंच ते काम. एवढ्या कामाला हिला इतका वेळ का लागतो, असंही मला वाटायचं. पण तिला कशालाही वेळ लागायचा, कारण कुठलंही काम ती बोलत बोलत करायची. मी समोर बसून पेपर वाचायचो आणि हं हं करायचो.

आरसे असलेल्या केबिन इतक्या, आणि इतक्या वर्षांत हे लाल वाक्य मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणून मी ऑफिसात फोन लावला. ऑफिसात फोटोंचं काम बघणारी एक मुलगी आहे. मुलगी म्हणजे तीही आता चाळिशीला आली असेल. तिला मी दोनदाच पाहिलं आहे. बायको तिला सर्व्हरबाई म्हणायची. सुरुवातीला बायकोला खरंच वाटलं होतं की फोटो घेऊन ठेवणारी ही बाई म्हणजेच सर्व्हर, आणि पुढे कळल्यावरही तिने नाव बदललं नाही. मी नाव सांगितल्यावर सर्व्हरबाई म्हणाली, ‘काका, तुम्ही स्वतः बसलात होय? दुसऱ्या कुणाला तरी सांगायचं ना.’

‘कुणाला सांगू? घरात मीच आहे.’

‘तसं नाही हो. बरं, काय म्हणतोय तो?’

‘व्यक्ती दिसते म्हणतो. आरशात मी आलोय. सगळ्या आरशांत मी येतोच. मग आत्तापर्यंत कसं चालत होतं?’

‘चालत नव्हतं, काका. काकू कापायच्या.’

‘काय कापायच्या?’

‘तुम्हाला,’ ती म्हणाली, आणि तिला हसू आलं आणि ते तिने आवरलं. ‘म्हणजे फोटो क्रॉप करायच्या हो. पाठवायच्या आधी चौकट येते बघा फोटोभोवती, तिच्या कडा ओढायच्या. आरसा बाहेर ठेवायचा, जमीन आणि बटणांची पट्टी आत ठेवायची. तो माणूस आणि ती बाई आरशात सापडलेली ना एकदा, तेव्हापासून हा नियम आहे.’

ती गोष्ट मला ठाऊक होती. आमच्यातल्याच एकाने काढलेल्या फोटोत एक गृहस्थ एका बाईबरोबर आले होते, आणि ज्या बाईबरोबर यायला हवे होते ती ती नव्हती. त्यावरून मोठा गोंधळ झाला होता. पण त्या नियमाचा माझ्याशी काही संबंध आहे असं मला वाटलं नव्हतं. मी पेपर वाचत असायचो आणि समोर ती रोज मला कापत असायची. आता आठवतं, ती मधेच म्हणायची, ‘आज तुम्हाला गुडघ्यापासून उडवलं,’ किंवा ‘आज तुमचे नुसते बूट राहिले होते, तेही घालवले.’ मी हं म्हणायचो. मला वाटायचं ती काहीतरी बोलतेय.

सर्व्हरबाईने मला फोनवर कापायला शिकवलं. कोपऱ्यावर बाण न्या, दाबून धरा, आता खाली ओढा, सोडा. मी माझं डोकं काढलं, मग छाती, मग हात. एकेक इमारत करत मी त्या महिन्याचे सगळे फोटो पाठवले. सगळे जतन झाले. शेवटी ती म्हणाली, ‘झालं काका. काळजी करू नका, चुकलं तरी आतापुरतं मूळ चित्र असतं आपल्याकडे.’

‘मूळ म्हणजे?’

‘अहो, तुम्ही पाठवता तेव्हा अख्खं चित्रच सर्व्हरवर येतं. कापायचं ते इथे कापलं जातं. कापलेलं दाखवायला, आणि मूळ मागे पडून असतं. पण आता सर्व्हर बदलतोय. या आठवड्याअखेर मूळ सगळी पुसणार. फार जागा खातात.’

मी बरं म्हणून फोन ठेवला. कप विसळला. गॅलरीत जाऊन उभा राहिलो. समोरच्या इमारतीत कुणीतरी गाद्या उन्हात घालत होतं. आणि तिथे उभं असताना मला दातांच्या दवाखान्याची इमारत आठवली. तळमजल्यावर दातांचा दवाखाना आहे म्हणून आम्ही तिला तसं म्हणतो. त्या दिवशी मी सुट्टीवर होतो. बायकोला नवा चष्मा आणायला आम्ही दोघं गेलो होतो आणि चष्म्याचं दुकान त्याच रस्त्यावर होतं. तिथल्या लिफ्टचं दार नीट लागत नाही असा निरोप आला होता. मी म्हटलं, आलोच आहोत तर दोन मिनिटांत बघून घेतो. ती म्हणाली, ‘तुमची दोन मिनिटं मला माहीत आहेत. मी पण येते.’ माझ्या सगळ्या नोकरीत ती एकदाच माझ्याबरोबर लिफ्टमध्ये आली. मी दार दुरुस्त केलं, आणि त्या महिन्याची तपासणीही उरकून टाकू म्हणून फोटो काढले. केबिनचा काढला तेव्हा ती माझ्या शेजारी उभी होती. समोर आरसा होता. म्हणजे त्या फोटोत ती आहे. संध्याकाळी घरी येऊन तिने आम्हाला दोघांनाही कापलं असणार, आणि पाठवून झाल्यावर फोनमधला फोटो नेहमीसारखा पुसला असणार. आणि कापण्याआधीचं ते अख्खं चित्र कुठेतरी पडून आहे, आणि या आठवड्याअखेर पुसलं जाणार आहे.

कुणी म्हणेल, बायकोचे फोटो नाहीत का घरात? आहेत. लग्नातले आहेत, मुलगी लहान असतानाचे आहेत. त्यातली बाई बारीक आहे, केस जाड आहेत, आणि तिच्याकडे बघितलं की मला तिच्याशी नव्याने ओळख करून घ्यावी लागते. आणि शेवटच्या वर्षातले आहेत. मुलगी दूर दुसऱ्या शहरात असते, ती येऊन राहिली होती तेव्हा तिने खूप फोटो काढले, कारण आम्हा सगळ्यांना कळलं होतं. त्या फोटोंत डोक्याला रुमाल आहे, डोळे मोठे झालेले आहेत आणि प्रत्येक फोटोत बायको हसते आहे. ती अशी हसायची नाही. मधली जी होती, बरीच वर्षं जी रोज समोर होती, जिच्याशी मी पेपरातून हं हं करत होतो, तिचा एकही फोटो नाही. तिचे फोटो काढायचं काही कारण नव्हतं. ती गेली तेव्हा मला वाटलं होतं, चेहरा काय, तो डोळ्यांसमोर असणारच. पण डोळे मिटले की रुमाल येतो. मी मुद्दाम मागे जायला बघतो, स्वयंपाकघरात, बाजारात, बसच्या रांगेत, आणि तिथे प्रत्येक ठिकाणी तिच्या साध्या अंगावर तो रुमालातला चेहरा बसलेला असतो. हे मी मुलीला एकदा सांगायला गेलो. ती म्हणाली, ‘बाबा, तुम्ही झोपेच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा.’ तिचं चुकलं असं नाही. मला सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सर्व्हरबाईला पुन्हा फोन केला आणि काय हवं ते सांगितलं. तिने मला मधे तोडलं नाही. मग म्हणाली, ‘मला इथून चित्रं दिसत नाहीत, काका. नुसते नंबर दिसतात. महिना सांगता येईल तुम्हाला?’

‘चष्मा आणला तो महिना.’

‘कधी आणला?’

मला सांगता येईना. थंडी होती एवढं आठवत होतं, कारण रोपवरचं ग्रीस घट्ट झालं होतं आणि मी ते बोटाने सोडवलं होतं. ते मी सांगितलं. मग दाराचा रोलर बदलला होता हे आठवलं, तर ती म्हणाली, ‘मग सापडेल. रोलर बदलला की नोंद असते.’ तिला फोटो सापडला. मी फोन कानाला धरून तिचं टकटक ऐकत होतो आणि मनात येत होतं, रोलर मला आठवतो. त्याच्या रबराला एका जागी कशी खाच पडली होती तेसुद्धा आठवतं. त्या वेळी बायको शेजारी उभी राहून सतत बोलत होती. त्यातलं एकही वाक्य आठवत नाही.

‘काका, एक आहे,’ सर्व्हरबाई म्हणाली. ‘मूळ चित्र तुमच्या पानावर उघडायचं तर मला हा फोटो नामंजूर करावा लागेल. तरच ते दुरुस्तीला म्हणून तुमच्याकडे परत येतं. आणि नामंजूर केलं की बिल्डिंगला आपोआप मेसेज जातो, लिफ्ट बंद ठेवा.’

‘जुन्या फोटोवरून? ती लिफ्ट मी परवाच तपासली आहे. उत्तम आहे.’

‘कंप्युटरला काय कळतंय परवा आणि पूर्वी. मधला एक महिना रिकामा दिसला की लिफ्ट बंद. तुम्ही पुन्हा कापून पाठवलंत की लगेच चालू. पटकन पाठवाल ना? माझ्यावर येईल नाहीतर.’

लिफ्ट बंद ठेवायची वेळ माझ्यावर पुष्कळदा आली आहे, पण ती कायम लिफ्टसाठी. ब्रेक घसरतोय, रोपचा एखादा पदर तुटलाय, तेव्हा लोक कितीही ओरडले तरी मी बंद ठेवली. चांगली चालणारी लिफ्ट माझ्या स्वतःच्या कामासाठी मी कधी थांबवली नव्हती. अगदी सामान वर न्यायलाही नाही. बायको यावरून मला टोमणे मारायची. ‘लिफ्टचं एवढं मन राखता, माझं राखलं असतंत तर मी दोन मजले वर असते,’ असं काहीतरी ती म्हणायची. नेमकं काय म्हणायची तेही आता माझ्या शब्दांत येतं.

‘कर नामंजूर,’ मी म्हटलं.

पान उघडलं. फोटो यायला वेळ लागला. आधी वरची पांढरी पट्टी आली, छताचा दिवा आला, मग हळूहळू खालचं भरत गेलं. सगळं राखाडी होतं. फक्त खाली एक आडवा तुकडा उजेडात होता, केबिनची जमीन आणि बटणांच्या पट्टीचा खालचा भाग, आणि त्याच्याभोवती तुटक रेघांची चौकट. ती चौकट तिने ओढलेली. तिने त्या संध्याकाळी जिथे हात सोडला होता तिथेच ती अजून होती. चौकटीबाहेरचं जे कापायचं, ते साइट राखाडी करून दाखवते, पाठवेपर्यंत काढून टाकत नाही. त्या राखाडी भागात दोन माणसं उभी होती. एवढंच कळत होतं, एक उंच आणि एक बुटकं. मी वरच्या कडेवर बाण नेला, दाबून धरलं आणि कडा वर ओढायला लागलो.

आधी चपला उजळल्या. माझे बूट आणि तिच्या चपला. मग तिच्या हातातली कापडी पिशवी, तिच्यातून बाहेर आलेली चष्म्याची नवी पेटी. मग तिचा तो तपकिरी स्वेटर, ज्याचं खालचं बटण दुसऱ्याच रंगाचं होतं. तिथे मी थांबलो. फोन वाजत होता. इमारतीचा मॅनेजर.

‘अहो लिफ्टवाले, काय प्रकार आहे? बंद ठेवा म्हणून मेसेज आलाय. परवा तुम्हीच सांगून गेलात ना, लोण्यासारखी चालतेय म्हणून?’

‘चालतेय. कागदी अडचण आहे. थोड्या वेळात चालू होईल.’

‘थोड्या वेळात म्हणजे? वरच्या मजल्यावरचे आजोबा खाली यायचेत, व्हीलचेअर घेऊन दारात बसलेत. टोपी घालून तयार. त्यांना काय सांगू, कागद आजारी आहे?’

‘सांगा, पाठवतोय.’

‘काय पाठवताय?’

‘फोटो,’ मी म्हटलं आणि फोन उलटा ठेवला.

मग मी कडा पार वरपर्यंत ओढली. तिचा चेहरा उजेडात आला. डोक्याला रुमाल नव्हता. केस मागे बांधलेले, कानाशी पांढरे, एक बट सुटलेली. नवा चष्मा नाकावर होता, तो अजून सवयीचा झाला नव्हता म्हणून मान थोडी मागे घेतलेली. गाल भरलेले. मी विसरलो होतो की तिचे गाल भरलेले होते. आणि चेहरा जरासा हललेला होता, कारण ती बोलत होती. तोंड उघडं होतं, भुवया वर गेलेल्या होत्या आणि पिशवी नसलेला हात छातीपाशी आलेला होता, ती काही सांगायची तेव्हा यायचा तसा. ती आरशातून माझ्याकडे बघत बोलत होती. मी फोनकडे बघत होतो. माझा चेहरा एकदम स्पष्ट आलेला होता, कारण मी हललो नव्हतो.

हीच ती होती. मी तिला ताबडतोब ओळखलं आणि मला बरं वाटलं, मनापासून बरं वाटलं, आणि त्याच दमात मी ऐकायला लागलो. ऐकू काहीच आलं नाही. ती काय म्हणत असेल? नव्या चष्म्याने तिला सगळं वाचायची हौस आली होती, त्या दिवशी रस्त्यावरच्या पाट्या ती मोठ्याने वाचत आली होती. तेव्हा कदाचित लिफ्टमधली पाटी वाचत असेल, किती माणसं, किती किलो. किंवा तिला कंटाळा आला असेल आणि ती माझ्या दोन मिनिटांवरून बोलत असेल. किंवा काही महत्त्वाचं असेल. महत्त्वाचं ती नेहमी असंच, मी हातात पाना धरलेला असताना सांगायची. मुलगी नोकरी बदलतेय हेसुद्धा तिने मला मी गिझर उघडून बसलो असताना सांगितलं होतं. पोटात दुखतं हे तिने मला पहिल्यांदा कधी सांगितलं? डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, महिनाभर झाला असेल. तिने माझ्याकडे पाहिलं आणि डॉक्टरांना म्हणाली, ‘जरा जास्तच.’ मी पडद्याच्या अगदी जवळ गेलो. जवळ गेल्यावर चेहऱ्याचे नुसते चौकोन होतात. छातीपाशी आलेला हात जरा खालीच होता की काय, असं मला वाटलं. मागे सरून पाहिलं तर तसं वाटेना. पुन्हा जवळ गेलो. हे मी किती वेळ केलं कुणास ठाऊक.

फोन पुन्हा वाजला. मॅनेजर होता. मी तो वाजू दिला. मग त्याच फोनने मी पडद्याचा फोटो काढून ठेवला. त्यात आडवे पट्टे आले, पण चेहरा आला. दुसरा काढला, तिसरा काढला. आता माझ्याजवळ तिची प्रत होती, तरी कापायला हात उचलेना. शेवटी आजोबांची टोपी डोळ्यांसमोर आली, आणि मी वरच्या कडेवर बाण नेला. कडा खाली आणायची म्हणजे पहिला चेहराच जातो, दुसरा इलाज नाही. केस राखाडी झाले, चष्मा राखाडी झाला, तोंड राखाडी झालं. हे तिने दर महिन्याला केलं होतं, मला समोर बसवून, माझं डोकं आधी. तिला त्याचं काही वाटत नसणार, कारण डोकं तिच्यासमोर पेपरामागे शाबूत होतं.

मी तिला कमरेपाशी सोडलं आणि पाठवलं. लाल अक्षरं आली, व्यक्ती दिसत आहे. मला ते वाचून बरं वाटलं. गुडघ्यापाशी सोडलं. पुन्हा लाल. मॅनेजरचा पुन्हा फोन. मी कडा आणखी खाली आणली, चपलांच्या वर, अगदी थोडं वर, आणि पाठवलं. या वेळी पडद्यावरचं चाक बराच वेळ फिरत राहिलं आणि हिरवी अक्षरं आली, चित्र जतन झाले. तिने स्वतःच्या चपलाही ठेवल्या नव्हत्या, स्वच्छ काम करायची. मी ठेवल्या. मशीनला पावलांवरून माणूस ओळखता येत नाही असं दिसतं. मॅनेजरने मेसेज टाकला, ‘चालू. आजोबा विचारतायत तुम्हाला काय झालं होतं.’ मी त्याला नमस्कार पाठवला.

मग पट्टे आलेल्या फोटोंतला त्यातल्या त्यात बरा निवडून मी मुलीला पाठवला. खाली काही लिहिलं नाही. तिने कामावर असून लगेच फोन केला. ‘बाबा,’ म्हणाली. ‘हा कुठला? हा कधीचा? किती आई आहे यात.’

‘लिफ्टमधला. चष्मा आणला त्या दिवशीचा.’

‘तुम्ही बघा कसे उभे आहात. ठोकून बसवल्यासारखे.’ ती हसली, नाक ओढलं. मागून कुणीतरी तिला हाक मारत होतं, तिने त्याला थांब म्हटलं. ‘आणि बाबा, आई काय म्हणतेय हो यात? काहीतरी सांगतेय तुम्हाला.’

‘थांब, विचारतो,’ मी म्हणालो, आणि फोन कानाला तसाच धरून उठलो. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो.

तिकडे पुन्हा हाक आली, तरी मुलीने फोन ठेवला नाही. मीही पुढे गेलो नाही.